उसन्या दिवसांचा हिशेब

घरातलं विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. चमचाभर दही मिळतं, आणि ते परत करायचं असतं असं कुणाच्या मनातही येत नाही. देणारीचं दही त्याने कमी होत नाही. उलट पुढच्या आठवड्यात तिचंच विरजण बिघडलं, तर तिचं दही आपल्या फडताळात जिवंत असतं. गल्लीतली पाच-सहा घरं मिळून एकच दही सांभाळत असतात, फक्त ते त्यांना माहीत नसतं. चुलीच्या काळात विस्तवाचंही असंच होतं. सकाळी ज्या घरातून धूर निघताना दिसे, तिथून गोवरीवर निखारा आणायचा.

साखरेचं मात्र तसं नव्हतं. साखर उसनी आणली की वाटी कुठली होती ते लक्षात ठेवावं लागे. परत करायची ती त्याच वाटीने, आणि शीग लावून. सपाट वाटी परत आली तर कुणी बोलत नसे, पण पुढच्या वेळी डब्यात नेमकी साखर संपलेली असे.

जुन्या स्वावलंबनाचा विषय निघाला की आपण कसबांची यादी करतो. गोधडी शिवणं, दोर वळणं, कणगी लिंपणं, कुरडयांचा चीक काढणं, बी राखणं. ही कसबं मोलाची आहेत, पण मन लावलं तर दोन-तीन हंगामांत शिकता येतात. त्यांच्यामागे आणखी एक कसब होतं. ते हाताचं नव्हतं, म्हणून कुठल्या संग्रहालयात ठेवता आलं नाही. पैसा मध्ये न आणता देण्याघेण्याचा हिशेब ठेवणं, हे ते कसब. या प्रकरणात मुख्यतः त्याचाच शोध आहे.

शेतापासून सुरुवात करू. वाफसा हा शब्द शहरी वाचकाला समजावून सांगावा लागेल. पाऊस होऊन गेला, रानात पाय टाकला तर चिखल चिकटत नाही, आणि मुठीत दाबलेलं ढेकूळ भुसभुशीत फुटतं, ती मातीची अवस्था म्हणजे वाफसा. काळ्या रानात ती मोजके दिवस टिकते. त्याआधी औत घातलं तर माती थापली जाते, उशीर झाला तर दगडासारखी होते. म्हणजे वर्षभराचं पीक ज्यावर ठरायचं ते काम मोजक्या दिवसांत उरकायचं, आणि तेही सगळ्या गावाने एकाच वेळी. त्यात बैल हा महागडा सोबती. तो बारा महिने खातो आणि औताला लागतो काही आठवडे. लहान शेतकऱ्याला जोडी परवडत नसे. त्याच्या दावणीला एकच बैल असे, आणि एका बैलाने औत चालत नाही.

यावरची तोड म्हणजे दोघा एकबैल्यांनी जोडी जमवणं. दोन दिवस तुझं रान, दोन दिवस माझं. कोल्हापूर-साताऱ्याकडे याला वारंगुळा म्हणत. इतरत्र पैरा, सावड असे शब्द होते, आणि ते नुसत्या बैलांपुरते नव्हते. भांगलण, भाताची लावणी, काढणी, मळणी, सगळं सावडीने होई. आज तुमच्या घरची दोन माणसं माझ्या रानात, परवा माझी दोन तुमच्या रानात. हिशेबाचं एकक होतं दिवस. दिवसाला दिवस. तुमच्याकडचा तरणा गडी आला होता आणि फेड करायला माझी म्हातारी आई आली, तरी दिवस फिटला. काम किती उरकलं हे मोजायचं नाही, माणूस आला का एवढंच बघायचं. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला हा ढिसाळ हिशेब वाटेल. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. कामाचं माप काढायला बसलं की भांडण ठरलेलं, आणि वाफसा काही भांडण मिटेपर्यंत थांबत नाही. शिवाय प्रत्येक घरात कधी ना कधी एक म्हातारी आई असतेच.

इर्जिक याहून निराळी. सावड ही देवघेव, इर्जिक ही हाक. एखाद्याचा बैल मेला, कर्ता माणूस आजारी पडला, किंवा रान इतकं हरळीने माजलं की एका औताने आवरेना, तर तो गावाला हाक देई. ठरल्या दिवशी पाच-दहा औतं एकाच रानात उतरत. जड नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत, तेही अशा दिवशीच जमत. मजुरी नाही, परतफेडीचा नेमका करार नाही. जेवण मात्र यजमानाचं, आणि ते चांगलंचुंगलं हवं. ज्याने इर्जिकीत कोरडी भाकरी वाढली त्याच्या पुढच्या हाकेला किती औतं येतील, हा हिशेब कुठे लिहून ठेवलेला नसला तरी पक्का असे.

ट्रॅक्टर आला आणि हे संपलं, असं सांगितलं जातं. ते बरंचसं खरं आहे. तासावर किंवा एकरावर भाडं ठरलं की दिवस हे चलन बाद होतं. पण जिथे ट्रॅक्टर चढत नाही तिथे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात, महादेव कोळी कुटुंबं उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं तयार करतात. एका कुटुंबाने हे काम हाती घेतलं तर आयुष्य जाईल. म्हणून काही घरं गट करतात आणि आळीपाळीने एकेकाच्या उतारावर राबतात. याला पडकई म्हणतात. पुढे हे काम रोजगार हमीच्या पैशांतूनही होऊ लागलं. गटाची जुनी पद्धत तीच राहिली, दिवसाची मजुरी तेवढी बाहेरून आली.

सावडीत एक उणीव होती, आणि जुन्या गावाच्या आठवणी काढणारे ती सहसा सांगत नाहीत. दिवसाला दिवस हा हिशेब ज्याला रान आहे त्याच्याशीच होतो. भूमिहीनाने तुमच्या रानात दिलेला दिवस तुम्ही त्याला कुठे परत करणार? त्याला रानच नाही. म्हणजे समानांच्या या खात्यात त्याचं पानच नव्हतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

काही कसबं मुळातच एकट्याच्या आवाक्यात नसतात. पेव हे त्यातलं एक. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, आत रांजणासारखं फुगलेलं पोट. जागा उंचावरची आणि घट्ट मातीची निवडायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. आतून शेणमातीने लिंपायचं, कडेला आणि बुडाला कडबा-भुस्सा घालायचा, धान्य भरायचं, वर दगडी फरशी ठेवून मातीने तोंड बंद करायचं. पुढचं काम धान्य स्वतःच करतं. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू तो आणि त्याच्याबरोबर आत गेलेले किडे मिळून संपवतात, कर्बवायू साचतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध नाही, धुरी नाही. अशी ज्वारी काही वर्षं टिकते. तिला पेवाचा एक वास लागतो आणि भाकरी थोडी वेगळी लागते, एवढंच. सांगलीजवळ कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपुरात हळदीसाठी अशी पेवं शेकड्यांनी होती. सांगलीच्या हळद बाजाराचा मोठा आधार या जमिनीखालच्या कोठारांवर होता. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच बुडवली.

उघडलेल्या पेवात लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं, कारण ज्या हवेने किडे मेले तीच माणसालाही मारते. आणि एकदा हवा आत गेली की पेवाचं राखण संपलं, किडीला वाट मोकळी झाली. म्हणून पेव उघडलं की सगळं धान्य पटापट काढावं लागे. कुठलंही एक घर एवढी ज्वारी एका दमात खाऊ शकत नाही. ती वाटायची, उसनी फेडायची, विकायची, नाहीतर देणं चुकवायचं. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आपण आज शिकवणी वर्गांना आणि निवडणुकीतल्या उमेदवारांना लावतो. एकदम, भरमसाट आणि आवरता न येण्यासारखं बाहेर पडणं, हा त्याचा अर्थ पेवाचं तोंड उघडलेलं पाहिल्याशिवाय पुरता उमगत नाही.

आता फड. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैशाशिवायच्या हिशेबाचा याहून बारकाईने विचार केलेला नमुना महाराष्ट्रात मला दुसरा सापडलेला नाही.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या नद्या. त्यांच्यावर सुमारे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीपासून दगडी बंधाऱ्यांच्या माळा उभ्या राहिल्या. बंधारा नदी अडवून साठा करण्यासाठी नसे. तो पाण्याची पातळी थोडी उचलून ते कालव्यात वळवी. कालवे दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. त्यांतून चाऱ्या फुटत, चाऱ्यांतून सारंग निघून शेतात जात, आणि जास्तीचं पाणी सांडमातून पुन्हा नदीकडे वळे. खालच्या बंधाऱ्याला तेच पाणी परत कामी येई. इथवर ही चांगली स्थापत्यकला आहे, आणि चांगली स्थापत्यकला इतरत्रही सापडते.

खरी गंमत शिवाराच्या मांडणीत आहे. कालव्याखालची कायम बागायत जमीन साधारण चार तुकड्यांत वाटलेली असे. हे तुकडे म्हणजे फड. एकेक फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत. दरवर्षी गाव बसून ठरवी, की यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक आणि कुठला फड पडीक. एका फडात एकच पीक. माझ्या मालकीच्या पट्टीत मला गहू हवा असला आणि फड उसाचा ठरला असला, तर ऊसच. मालकी माझी, पिकाचा निर्णय फडाचा.

शेतकऱ्याने हे का मानावं? कारण जमीन अशी वाटलेली होती, की बहुतेकांची एकेक पट्टी प्रत्येक फडात असे. यंदा ज्या फडाला पाणी नाही त्यात माझीही पट्टी पडीक आणि पाटलाचीही. उसाच्या फडात दोघांचाही ऊस. पाणी कमी असलं तर सगळ्यांना थोडं थोडं देत बसायचं नाही, एक फड कमी भिजवायचा. तूट आपोआप सगळ्यांत वाटली जाई. आजच्या कालव्यांवर शेपटाकडच्या शेतकऱ्याची ओरड कायमची असते, कारण डोक्याकडचा पाणी घेऊन मोकळा होतो. फडात डोक्याकडचा आणि शेपटाकडचा हे एकच माणूस. भांडायचं तर कुणाशी?

पिकांच्या फेरपालटीने जमिनीचा कस राहिला आणि एकच फड सतत भिजत राहिला नाही, म्हणून क्षार वर आले नाहीत. हे फायदे आज पुस्तकांत पहिल्यांदा सांगितले जातात. गावाला ते कळत असणारच, पण ही रचना मला आधी भांडण टाळण्याची वाटते, जमीन सुधारण्याची नंतर.

रोजच्या कारभाराला माणसं नेमलेली असत. पाटकरी पाणी फिरवी. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. हवालदार पाटकऱ्यांवर देखरेख ठेवी. जागल्या रात्री गुरं आणि चोर यांच्यापासून उभं पीक राखी. फडात एकच पीक एकाच वेळी उभं असल्यामुळे एवढ्या क्षेत्राला मोजकी माणसं पुरत. यांचा मोबदला शेतकरी मिळून देत. हंगामाआधी कालव्यातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नद्यांच्या वरच्या अंगाला धरणं झाली. पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. धरणांनी पाणी वाढवलं, हे नाकारायचं कारण नाही. पण नदीत पाणी कधी सुटणार हे आता आवर्तनाच्या तक्त्यावर ठरू लागलं. किती फड भिजवायचे हा गावाचा निर्णय नदीचा प्रवाह बघून व्हायचा, त्या निर्णयाचा पायाच सरकला. तोवर विहिरीवर मोटारीही बसल्या होत्या. ज्याच्याकडे स्वतःचं पाणी आहे त्याला ‘फडात एकच पीक’ हा नियम जाच वाटणारच. बंधारे अजून उभे आहेत, काही ठिकाणी फडही चालतात. पण दगडी बंधाऱ्याची डागडुजी निधी आला की करता येते, आणि पाटकऱ्यावरचा विश्वास कुठल्याही निधीतून येत नाही.

इतकं गुणगान केल्यावर दुसरी बाजू दाखवणं भाग आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली आलं. महसूल खात्याच्या नोकरीत गावं पायाखाली घातलेल्या या माणसाने बलुतेदारीचं जे चित्र काढलं, ते गोडगुलाबी नाही. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग यांनी वर्षभर कुणब्याची कामं करायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ही व्यवस्था. बाहेरून पाहिलं तर हीसुद्धा पैशाशिवायची देवघेवच, आणि आज पर्यावरणाच्या उत्साहात तिचं कौतुक करणारे कमी नाहीत. पण सावडीचं एकक इथे नाही. दिवसाला दिवस नाही. काय काम, किती वेळ आणि किती वाटा, हे सगळं घेणाऱ्याने ठरवायचं. महार वतनात तर रात्री-अपरात्री केव्हाही बोलावणं आलं की जावं लागे, आणि एकाच्या कामाला सगळं घर बांधलेलं. डॉ. आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

गोव्याची गावकरी अशीच दोन तोंडांची. खाडीकाठच्या खाजन जमिनींत बांध घालून खारं पाणी अडवायचं, आणि मानस नावाच्या लाकडी दरवाजातून ते आत-बाहेर सोडायचं. भरतीच्या रेट्याने दरवाजा आपणच मिटतो, ओहोटीला उघडतो. बांध एका जागी फुटला की सगळ्यांची शेती खारी होणार, म्हणून बांध सामाईक, जमीन सामाईक, तिचे तुकडे लिलावाने कसायला द्यायचे, उत्पन्नातून बांधाचा आणि देवळाचा खर्च भागवायचा आणि उरलेलं गावकरांनी वाटून घ्यायचं. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली या रीती लिहून काढल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या चालत होत्या. हिशेब चोख. पण गावकर म्हणजे मूळ घराण्यांचे पुरुष वारस. प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध घालणाऱ्यांना त्या वाटणीत जागा नव्हती.

म्हणून एखाद्या जुन्या रीतीपुढे मी एकच प्रश्न ठेवतो. देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत होतं का? सावडीत येत होतं. इर्जिकीत येत होतं, थोडी बदनामी पत्करून. बलुत्यात येत नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुका होरपळला. तिथली खडी फोडणारी माणसं पाहून विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता आणि कारखानदार अस्वस्थ झाले. त्यांनी नायगावात देवस्थानची माळरानाची जमीन कराराने घेतली, पाणी अडवलं, विहीर खोदली. त्यातून पुढे जी पाणी पंचायत उभी राहिली, तिचे नियम वाचताना मला फड आठवतो आणि फडात राहून गेलेली फटही आठवते. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसं मोजून द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही वाटा.

शेवटचा नियम ऐकून तेव्हा पुष्कळांना हसू आलं असेल. ज्याला रान नाही तो पाणी घेऊन काय करणार? तो ते पाणी घेऊन रान असणाऱ्याकडे जाणार. तुझी कोरडवाहू जमीन, माझं पाणी, पीक वाटून घेऊ. दिवसाला दिवस या खात्यात ज्याचं पान नव्हतं, त्याच्या हातात आता देण्यासारखं काहीतरी आलं. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणातही भूमिहीनांच्या पाण्याचा हाच आग्रह होता. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या असं नाही. वीजबिलं थकली, पाइप फुटले, कुणाच्या तरी शेतात हळूच ऊस उगवला.

शेवटी बियाणं, कारण ते साखरेसारखंही आहे आणि विरजणासारखंही. जुन्या काळी पेरणीला बी नसलं तर सावकाराकडून सवाई-दिढीने आणायचं. पायली नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत. घराघरात बी राखण्याचं काम बायकांचं. कणीस निवडून वेगळं बांधायचं, सावलीत वाळवायचं, राख चोळून मडक्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला. संकरित बियाण्याने हे काम थांबवलं, कारण त्याचं पीक पुन्हा पेरलं तर तसंच्या तसं येत नाही. बी दरवर्षी दुकानातून येऊ लागलं आणि मडकी रिकामी झाली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी परसात वाल, घेवडे, भाज्या आणि भातांची गावठी वाणं राखली, बाएफ संस्थेच्या मदतीने बीजबँक उभारली, आणि २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांच्याकडून बी नेणाऱ्याला पैसे पडत नाहीत, पण सुगीनंतर दुप्पट आणून द्यावं लागतं. दुप्पट म्हटलं तर सावकाराच्या दिढीपेक्षाही वर. पण वालाच्या एका वेलीला किती शेंगा लागतात, ते वेल लावणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे तो कुरकुरत नाही. आणि सावकाराची दिढी त्याच्या कणगीत जाई. ही मूठ पुढच्या वर्षी तिसऱ्याच्या रानात पडते, चौथ्याच्या परसात चढते. कधी मूळ मडक्यातलं बी उंदरांनी खाल्लं, तर रिकामी वाटी घेऊन कुणाचं दार वाजवायचं ते ठाऊक असतं.